शंभर टक्के शुद्ध मूलद्रव्य

गारगोटीच्या शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मूलद्रव्य, रेणू, संयुग आणि मिश्रण या शब्दांशी आता आपला संबंध संपला, असं मला वाटलं होतं. हा धडा सुरू झाला की वर्गातली मुलं खिडकीबाहेर बघत बसायची. आता आपणही खिडकीबाहेर बघू, एवढीच माझी अपेक्षा होती.

मग एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनचा डेमो ठेवला. सोबत चहा आणि भडंग. भडंग आहे म्हटल्यावर सगळी बिल्डिंग खाली उतरली.

मशीनवाला पुण्याहून आलेला, टाय लावलेला तरुण होता. त्यानं टेबलावर दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत लोखंडी कांड्या बुडवल्या आणि विजेचं बटण दाबलं. बघता बघता नळाच्या पाण्यातून हिरवट-तपकिरी गाळ उसळून वर आला. मशीनचं पाणी जसंच्या तसं.

"अगं बाई!" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पदर तोंडाला लावला. "ह्येच पितोय की आपण!"

"ताई, तुमच्या पाण्यात कंपाउंड आहेत," मशीनवाला दुःखी चेहरा करून म्हणाला. "आमचं पाणी म्हणजे शंभर टक्के प्युअर एलिमेंट. वर प्रत्येक रेणूत एक ऑक्सिजन जादा."

बायकोनं माझी बाही धरून ठेवली होती. तरी मी उठलो.

"पाणी मूलद्रव्य नसतंच," मी म्हणालो. "मूलद्रव्य म्हणजे ज्यात एकाच जातीचे अणू असतात ते. ही तुमची कांडी लोखंडाची आहे, ते मूलद्रव्य. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन जोडले गेलेत. म्हणून ते कंपाउंड. पंचगंगेचं असो नाहीतर तुमच्या मशीनचं."

"सर," सेक्रेटरी मधेच म्हणाले, "कंपाउंडचा विषय आज न्हाय घ्यायचा. भिंतीचं काम पुढच्या मीटिंगला हाय."

"भिंत नव्हे हो. संयुग! पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक. त्यात आणखी एक ऑक्सिजन घातला तर ते पाणी राहत नाही. पार्लरमध्ये केस भुरे करायला वापरतात ते औषध होतं."

वहिनींनी मशीनच्या ग्लासाकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. मला जोर चढला.

"हवेतल्या ऑक्सिजनचाही रेणूच असतो. पण त्यात दोन्ही अणू ऑक्सिजनचेच, म्हणून ते संयुग नाही. संयुगाला दोन वेगळ्या जाती लागतात."

तळमजल्यावरचे किराणा दुकानवाले अण्णा भडंग खाता खाता थांबले. "म्हंजे ऑक्सिजनचं जातीतलं लगीन, आणि पाण्याचं भाईरचं?"

"अगदी बरोबर!"

"आणि पाणी टिकतंय?"

"पृथ्वी झाल्यापासून टिकलंय."

अण्णांच्या थोरलीसाठी तेव्हा स्थळं बघत होते आणि तिनं परस्पर जातीबाहेरच्या एकाला पसंत करून ठेवलं होतं, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या. सेक्रेटरी कानाशी येऊन म्हणाले, "सर, सोसायटीत त्यो विषय नको."

विषय बदलायला मी मिश्रणावर आलो. "नळाचं पाणी म्हणजे मिश्रण. पाण्यात थोडे क्षार विरघळलेत, थोडी हवा. एकत्र राहतात, पण कुणी कुणाशी जोडलेलं नाही."

"आपल्या सोसायटीगत," मागून कोणीतरी बोललं.

"त्या क्षारांमुळे पाण्यातून वीज जाते आणि कांडीचं लोखंड झिजतं. हा गाळ त्या लोखंडाचा आहे, नळाचा नव्हे. मशीनच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत, म्हणून वीज जात नाही. वहिनी, चिमूटभर मीठ आणा बघू."

वहिनींनी मीठ आणलं. मी ते मशीनच्या शुद्ध पाण्यात टाकलं, ढवळलं आणि बटण दाबलं. थोड्याच वेळात तिथंही तसाच गाळ उसळला. नळाच्या पाण्याहून जास्त! आयुष्यात माझा एकही प्रयोग इतका साधला नव्हता. शाळेत कधी चुंबक हरवायचं, कधी स्पिरिटचा दिवा विझायचा. मी वळून सगळ्यांकडे पाहिलं. टाळ्यांची वाट बघत होतो म्हणा ना.

टाळ्या मशीनवाल्यानंच वाजवल्या.

"सरांसाठी जोरदार टाळ्या! बघितलंत? चिमूटभर मिठानं शुद्ध पाण्याचं काय झालं? हे रोज तुमच्या पोटात होतं!"

"व्हय की!" वहिनी किंचाळल्या. "सरांनी डोळ्यांनी दाखवलं!"

"पोटात लोखंडी कांड्या असतात का, वहिनी?" मी ओरडलो. पण लोक मशीनभोवती गोळा झाले होते. मशीनवाल्यानं गढूळ ग्लास माझ्या हातात देऊन फोटो काढला. संध्याकाळी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला. खाली मजकूर होता: 'विज्ञानाचे सरही थक्क!'

त्या आठवड्यात घरोघरी मशीन बसलं. वहिनींनी मीठच सोडलं. त्यांचे मिस्टर जिन्यात भेटले की माझ्याकडे रागानं बघायचे. एकदा म्हणाले, "सर, रविवारी मटण केलतं. पांढऱ्या रश्श्यात मीठ न्हाय. तुमच्या शास्त्रापायी!" मी म्हणालो, मीठ खा, त्याशिवाय माणूस जगत नाही. ते म्हणाले, "मग त्या दिवशी उगंच का घाबरवलासा?"

अण्णांनी मात्र मुलीच्या पसंतीला होकार दिला. लग्नात मला पहिल्या पंगतीला बसवलं आणि पावण्यांना ओळख करून दिली, "हे पाण्याचं सर."

पुढं मशीनवाल्याचा फोन आला. वारणानगरच्या कॉलनीत डेमो होता. "मीठ आम्ही आणू, सर. तुम्ही फक्त त्या दिवशीसारखे चिडा."

मी फोन ठेवला. बायकोनं विचारलं, कोण होतं? मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, आठवण झाली. सगळ्यांकडं मशीन आलं, आपल्याच घरात तेवढं न्हाय."

आता आमच्याकडेही आहे. पाणी चांगलं येतं. पाण्यासारखंच लागतं.