टिटवीची गत

वेरूळच्या डोंगराखाली नांगरून टाकलेलं एक रान होतं. त्या रानाच्या कडेला, लिंबाखाली, सकाळच्या मैफलीसाठी सतरंज्या अंथरल्या होत्या. जानेवारीचा गारठा. तनुजा शालीच्या आत बासरी पोटाशी धरून बसली होती. थंडीनं बासरीचा सूर उतरतो, म्हणून ती उबेत ठेवावी लागते. एरवी ती काखेत धरायची. आता सातव्या महिन्याचं पोट पुढं आलं होतं, आणि सगळ्यात जास्त ऊब तिथंच होती.

तिची ही पहिलीच एकटीची मैफल. मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत, कुकरच्या शिट्ट्या ऐकत अकरा वर्षं रियाज केलेली बाई आज लोकांपुढं बसणार होती. भीती होती, पण लोकांची नव्हती.

शेजारी सासू बसली होती, भागूबाई. रानात कुठं टिटवी दिसत नाही ना, हे तिनं आल्याआल्या पाहून घेतलं होतं.

"ते वाजवायचं नाय ना?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"नाय हो आत्याबाई. सांगितलं ना."

"पोटावर हात ठेवून सांग."

तनुजानं हात ठेवला.

'ते' म्हणजे टिटवीची गत. तनुजाचं माहेर पाचोडला. मोसंबीच्या बागेपलीकडं मुरमाड पडीक, आणि त्या पडिकात टिटवी उघड्यावर अंडी घालते. काडी नाही, आडोसा नाही. माणूस जवळ आला की ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. लोक म्हणतात, टिटवी ओरडली की घरातलं कुणीतरी जातं. तनुजाला मात्र लहानपणापासून ठाऊक होतं की ती स्वतःच भ्यालेली असते. पावणेतीन वर्षांपूर्वी, चौथा महिना असताना, ती उन्हाळ्याची माहेरी राहिली आणि त्या ओरडण्यातून तिनं अहिर भैरवात एक गत बांधली. कोमल रिषभावर तीन तुटक फुंकरी, मग धाप लागल्यासारखं षड्जावर येणं. आठवडाभर ती तेच वाजवत होती. बाराव्या दिवशी पोट रिकामं झालं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, यात कुणाचा दोष नाही. भागूबाईनं दोष कुठं ठेवायचा ते ठरवून टाकलं होतं. "पोटातल्याला ती ओरड ऐकवलीस," एवढंच ती एकदा म्हणाली. बी.एस्सी. झालेल्या तनुजानं ते मनावर घेतलं नाही, असं सगळ्यांना वाटलं. पण गतीची वही कपाटाच्या वरच्या फळीवर गेली ती तिथंच राहिली.

तानपुरा लावत बसलेल्या तिच्या गुरूंनी, उस्ताद हबीबांनी, मान वर केली. "बेटा, लंबी सांस के पीछे मत भागना. पोर खालून दाबतंय. दमात बसंल तेवढंच वाजव."

"हबीबभाई, तुमी तिला भरीस घालू नका," भागूबाई म्हणाली.

"भाभी, भरीस घालायला माझ्या तोंडात दात कुठं राहिलेत?"

तनुजा हसली. हसताना पोटातल्या जिवानं लाथ मारली, तेव्हा तिला जरा धीर आला.

आलाप सुरू झाला. एरवी तिचा षड्ज शांत पाण्यासारखा पसरायचा. आज तो पसरायच्या आत छातीत वारा संपला. दुसरा सूर त्याहून आधी तुटला. तिसऱ्याला तर सूर आलाच नाही, नुसती फुंकर आली. तबलजीनं उस्तादांकडं पाहिलं. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. तनुजाच्या हाताला घाम फुटला, बोटं भोकांवरून सरकायला लागली. अकरा वर्षं डोळ्यांपुढं धुळीला मिळत होती, आणि तिच्या दमात बसणारी सबंध जगात एकच चीज होती.

तीन तुटक फुंकरी. मग षड्ज.

तिला आपण काय केलं ते कळलं तेव्हा तबला सुरू झाला होता. लोक पुढं सरकून ऐकायला लागले. भागूबाई जागची उठली, उभीच राहिली. तनुजा वाजवत होती आणि आतल्या आत पोटाकडं कान लावून होती. रोज रियाजाला पोर उसळ्या मारायचं. आज गत सुरू झाल्यापासून आत सगळं गप्प होतं.

टाळ्या तिला ऐकू आल्या नाहीत. कनातीच्या मागं ती डाव्या कुशीवर आडवी झाली, गूळ खाल्ला, पाणी प्यायली. काहीच नाही.

भागूबाई आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हललं का?"

"नाय."

"कवापासून?"

"मी ते वाजवायला घेतलं तेव्हापासून."

विश्वजीत, तनुजाचा नवरा, गाडी आणायला पळाला. दोघी मागच्या सीटवर बसल्या. गाडी खुलताबाद ओलांडून दौलताबादच्या घाटाला लागली. भागूबाई बाहेरच्या उघड्या माळाकडं बघत होती. ती म्हणाली, "आमच्या शेतात लई टिटव्या व्हत्या. माय वरडली की पिल्लं ढेकळात दबून बसायची. पायाशी असली तरी दिसायची नाय. हलायचीच नाय."

"मग?"

"मग धोका गेला की माय खाली उतरायची अन् बारीक आवाजात बोलवायची. तवा उठायची." तिनं सुनेकडं पाहिलं. "तू नुसतं वरडून घेतलंस. बोलव की आता त्याला."

त्या गतीत तसं काहीच नव्हतं. तनुजानं फक्त भीती बांधली होती. पुढचं तिला ऐकूच आलं नव्हतं, कारण लहानपणी पक्षी ओरडला की ती पळून यायची.

तिनं बासरी ओठांना लावली. मोठी बासरी गाडीत मावेना, शेवटचं टोक खिडकीबाहेर राहिलं. खालच्या सप्तकात, अगदी हळू, तिनं रिषभाला षड्जाशेजारी आणून बसवलं. पुन्हा. पुन्हा. विश्वजीतनं हॉर्न वाजवायचं सोडून दिलं.

घाट उतरताना भागूबाईचा हात सुनेच्या पोटावर होता. आतून धक्का बसला तसा तो एकदम उचलला गेला, आणि लगेच परत जागेवर आला.

तनुजानं बासरी खाली घेतली. तिला रडू फुटणार होतं.

"थांबू नको," भागूबाई म्हणाली. "दवाखाना येईस्तवर थांबू नको. विश्वजीत, गाडी हाक."