गळता डोळा

कॅम्प पाचमधल्या एका डॉक्टरने माझ्या कारखान्यातल्या मावशींना फसवलं. आधीच सांगून टाकतो.

मावशी माझ्याकडे जीन्सची शिलाई तपासायच्या. बेलवलीहून यायच्या, खिडकीशी बसायच्या आणि दर दोन पँटींमागे पदराने डोळे टिपायच्या. नवा माणूस हमखास विचारायचा, "काय झालं, मावशी?"

"रडत नाय रे बाबा, गळतंय."

एकदा एक सिंधी व्यापारी भाव पाडायला आला. मावशींकडे बघून मला म्हणाला, "रेट के लिए बाई को रुलाता है क्या, शेठ?"

पँटवरची नजर न काढता मावशी म्हणाल्या, "तुमारा भाव सुनके कोई पन रोएगा." तो हसत सुटला आणि माझ्याच भावावर आला.

त्यांची सासू वारली तेव्हा शेजारणींनी सुनेच्या मायेचं फार कौतुक केलं. मावशी मला हळूच म्हणाल्या, "दादा, आमचं बोलणं पण बंद होतं वो."

डॉक्टर वर्षानुवर्षं 'धुळीची ॲलर्जी' म्हणत तेच थेंब लिहून देत राहिला. कारखान्यात सुताची भुकटी उडतेच, त्यामुळे आम्हालाही पटलं. पुढे पाण्याआडून मावशींना टाके दिसेनात. सुटलेल्या शिवणी त्यांच्या हातून निसटू लागल्या.

शेवटी त्यांना अंबरनाथला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खालची पापणी जराशी ओढून यंत्रातून पाहिलं. नाकाकडच्या कोपऱ्यात पाणी आत जायचं बारीक छिद्र असतं, तेच आकसलं होतं. मग पाणी गालावर येणार, नाहीतर जाणार कुठे? तेवढ्यापुरतं बधिर करून छिद्राला छोटीशी चीर द्यायची, की त्याच दिवशी घरी.

"आणि हे थेंब इतकी वर्षं?" बाई म्हणाल्या. "यांनी छिद्र आणखी आकसू शकतं."

चीर दिल्यावर उजवा डोळा थांबला. डावीकडे मात्र छिद्र बुजलं होतं, आतली नळीसुद्धा. तिथे नाकाच्या हाडातून वाट काढावी लागणार होती.

"पुरे झालं, दादा. आता नको कापाकापी." मावशी काम सोडून वांगणीजवळच्या पाड्यावर, भावाकडे निघाल्या. मी पगार वाढवतो म्हणालो, टाके बघावे न लागणारं काम देतो म्हणालो. एका बटणासाठी तासभर भांडणारा माणूस मी, पण समोरून भावच आला नाही. त्यांनी फक्त कात्री माझ्या टेबलावर ठेवली.

मी डॉक्टरकडे जाऊन आवाज चढवला. तो म्हणाला, "पेशंटने कधी तक्रार केली नाही."

तक्रार गालावरून ओघळत तुमच्यासमोर बसायची, डॉक्टर! पापणी ओढायला एक बोट लागतं. ते एकदाही का लावलं नाहीत? बाहेर या आणि बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटसमोर उत्तर द्या.