अर्जातला चौथा मुद्दा

आमच्या हॉकी स्टेडियमवर मुलींचा एक नियम होता. तो कुठल्याही फलकावर लिहिलेला नव्हता. सराव साडेचारला सुरू व्हायचा आणि दुपारी बारानंतर पाणी प्यायचं नाही. फारच कोरड पडली तर चूळ भरायची आणि जाळीपलीकडे थुंकायची.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागे दोन स्वच्छतागृहं होती. मुलांचं उघडं असायचं, मुलींच्याला कुलूप. किल्ली ऑफिसात क्लार्कच्या खुर्चीमागे खिळ्याला टांगलेली. ती हवी असेल तर चेंडू आणि शिट्टी नेण्याचं जे रजिस्टर होतं, त्यातच नोंद करावी लागे. नाव, वस्तू, कशासाठी, नेल्याची वेळ, परत केल्याची वेळ. संध्याकाळी तिथे चार-पाच पुरुष चहा पीत बसलेले असत. आमच्यातल्या एकीने सुरुवातीला किल्ली मागितली होती. क्लार्क म्हणाले, "आत्ता तर आलीस. घरूनच जाऊन यायचं ना, बाळा." ते रागावले नव्हते. बाकीचे हसले, तेही मायेनेच. त्यानंतर किल्ली कोणी मागितली नाही.

मला त्याची फारशी झळ नव्हती. माझं घर स्कूटीवर दहा मिनिटांवर होतं. झळ होती ती आमच्या गोलकीपरला. ती घोडेगावहून एसटीने यायची. आधी कॉलेज, मग मैदान, मग पुन्हा एसटी. तिचा नियम बाराच्याही आधी सुरू व्हायचा. सकाळच्या चहानंतर ती काहीच प्यायची नाही. त्यावर पायाला पॅड, अंगात छातीचं संरक्षण, डोक्यावर हेल्मेट. ते सगळं चढवायला पंधरा मिनिटं लागायची आणि मार्चमधला टर्फ खालून तव्यासारखा तापलेला असायचा.

तिचे वडील बाजारात म्हशींचे सौदे जमवून द्यायचे. त्यांनी तिला एक वर्ष दिलं होतं. राज्याच्या संघात निवड झाली तर खेळायचं आणि शिकायचं, नाहीतर घरी. पॅडचे पट्टे आवळता आवळता ती हे एसटीची वेळ सांगावी तसं सांगायची.

मला ती 'इंग्लिश' म्हणायची. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी, डबा एका बाजूला बसून खाणारी. "ए इंग्लिश, म्होरं सरक की जरा. चेंडू चावत न्हाई." तिच्या बोलण्यात डंख नसायचा. मी मधल्या फळीत खेळायचे आणि पाठीमागून तिचा आवाज येत असला की मला खेळणं सोपं वाटायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

निवड चाचणीच्या दोन महिने आधी आमच्या प्रशिक्षक सरांनी आम्हाला पायऱ्यांवर बसवलं. मैदानाची पाहणी करायला समिती येणार होती. "काय अडचणी असतील त्या एका कागदावर लिहून द्या. मी मीटिंगमध्ये वाचून दाखवतो."

अक्षर चांगलं म्हणून कागद माझ्याकडे आला. मुलींनी मुद्दे सांगितले. टर्फवर पाणी मारणारे फवारे नीट चालत नाहीत, कोरड्या टर्फवर पडलं की गुडघे सोलतात. गोलची जाळी फाटली आहे. गेटवरचा दिवा गेला आहे. गोलकीपर म्हणाली, "पयलं संडासाचं लिही. बाकीचं ऱ्हाऊ दे."

मी ऑफिसात, क्लार्कच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लिहायला बसले. मनात ठरवलं, आधी सोपे तीन लिहून काढू. फवारे, जाळी, दिवा. मग चारचा आकडा घातला. क्लार्क चहाचा कप घेऊन माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले होते. "वा, मोत्यासारखं अक्षर," ते म्हणाले आणि बाकीच्यांनीही माना वळवल्या. हा कागद सर मोठ्याने वाचणार होते. मी चारचा आकडा खोडला, त्याखाली 'आपल्या विश्वासू' लिहिलं आणि कागद देऊन बाहेर आले.

"लिहिलंस?" गोलकीपरने विचारलं.

"हो."

नंतर कागद परत मागून संडास हा शब्द घालता आला असता. सरांना एकटं गाठूनही सांगता आलं असतं. मी रोज तसं ठरवायचे आणि रोज सराव संपला की स्कूटी काढून दहा मिनिटांत घरी जायचे.

समिती आली, गेली. महिन्याभरात नवी जाळी लागली. दिवा लागला. फवारे असे चालू झाले की मुली ओल्या टर्फवर मुद्दाम घसरून बघू लागल्या. कुलूप तसंच होतं.

"तीन कामं झाली. येकच कसं ऱ्हायलं गं?" गोलकीपर म्हणायची. मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायचे.

चाचणीला आठ दिवस होते. पेनल्टी कॉर्नरचा सराव चालू होता. दोन दिवसांपासून तिची कंबर दुखत होती. पॅड जुने आहेत, वाकून वाकून दुखत असेल, असं ती म्हणाली. तिसऱ्या कॉर्नरला ती चेंडूकडे झेपावलीच नाही. गोलरेषेवर गुडघे टेकले आणि तशीच बसून राहिली. हेल्मेट काढलं तेव्हा दात वाजत होते. चाळीसच्या उन्हात ती थंडीने कुडकुडत होती.

दवाखान्यात कळलं, लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग किडनीपर्यंत गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पितेस. तिने फक्त सरांकडे पाहिलं.

चाचणी झाली. राज्याच्या संघात गोलकीपर म्हणून दुसऱ्या तालुक्यातली मुलगी घेतली.

मी दवाखान्यात गेले तेव्हा तिचे वडील खाली औषधं आणायला गेले होते. हाताला सलाईन होतं. मी रस्ताभर इंग्रजीत, मराठीत वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकच तोंडातून निघालं. "मी ते लिहिलं नव्हतं."

"ठाव हाय," ती म्हणाली. "सरांनी मीटिंगच्या आदी कागद वाचून बगितला तवा मी दारातच हुते. तीनच हुते."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मला बोलता येत असतं तर तुला कशाला लिहाया लावलं असतं." ती भिंतीकडे वळली. "जरा पानी दे."

मी ग्लास भरून दिला. तिने तो एका दमात संपवला आणि रिकामा ग्लास पुन्हा पुढे केला.

वडील तिला गावी घेऊन गेले. तिचे पॅड स्टोअरमध्ये जमा झाले.

पुढच्या सोमवारी मी ऑफिसात गेले आणि किल्ली मागितली. क्लार्कनी रजिस्टर पुढे सरकवलं. 'कशासाठी' या रकान्यात मी संडास असं लिहिलं. त्यांनी वाचलं आणि किल्ली काढून दिली. कोणी हसलं नाही. एवढंच होतं ते.

किल्ली फिरेना. वॉचमनमामांनी दगडाने ठोकून कुलूप उघडलं. आत छतापर्यंत प्लास्टिकच्या खुर्च्या रचल्या होत्या. मी दोन-चार बाजूला केल्या. नळाच्या जागी पाइपला बूच मारलेलं होतं.

"पानी न्हाई इथं, ताई," मामा म्हणाले. "हुतं आदी. फवाऱ्याला जोर कमी पडत हुता, मंग इथली लाइन काडून तिकडं जोडली. तुमीच अर्ज दिलता ना."

मी खुर्च्या पुन्हा होत्या तशा रचल्या. परत केल्याची वेळ लिहून किल्ली दिली.

बाहेर फवारे चालू होते. आमच्या गोलमध्ये तिच्या जागी आलेली नववीतली मुलगी पायरीवर बसून पॅड बांधत होती. तिच्याशेजारी बाटली उघडी होती. "उघडलं का, ताई?" तिने विचारलं. मग सगळ्याच माझ्याकडे बघू लागल्या. मी खाली बसले आणि चौथ्या मुद्द्यापासून बुचापर्यंत सगळं सांगितलं. सांगून झालं तेव्हा सरांची शिट्टी वाजली. त्या मुलीने बाटलीचं झाकण घट्ट लावलं, हेल्मेट उचललं आणि गोलकडे चालू लागली.