शंभर व्होल्टचं शेत

"फुंकू नको, बापू. तोंडाची वाफ जाते आत."

भाऊंच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे वाक्य ऐकलं, आणि पुढे किती वेळा ऐकलं याची गणती नाही. तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम खेळला असेल, त्यांनी गेम अडकला की कॅसेट काढून तिच्यात जोरात फुंकर नक्की मारली असेल. मीही सवयीने तेच करायला गेलो होतो. त्यांनी माझ्या हातातून कॅसेट काढून घेतली, आगकाडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि आतले सोनेरी दात एकेक करून पुसले, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तसे.

"कापूस घरच्या वावरातला हाय," ते म्हणाले. "आपल्या नाही तर जपानच्या कामी आला."

आम्ही दोघं घाटंजीच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर. बाहेरून आलेली वीज इथे उतरते आणि इथून वेगवेगळ्या फीडरवर, म्हणजे एकेका भागाच्या लाइनीवर, गावात जाते. कोणता फीडर कधी चालू, कधी बंद, हे आमच्या हातात. ते मला पंधरा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही भाऊच म्हणायचो. बोलणं बेताचं, इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर. असा माणूस घरी जाऊन जपानी व्हिडिओ गेम खेळत असेल, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

कपाटात साठ-सत्तर कॅसेट होत्या, सगळ्या जपानहून आलेल्या, तीसेक वर्षांपूर्वीच्या. मुलगी नागपूरला नोकरीला. ती इंटरनेटवरून मागवून द्यायची. पार्सल आलं की पोस्टमन सायकल लावून आत यायचा आणि दर वेळी विचारायचा, "भाऊ, जपानात तुमचं कोण हाय?" भाऊ सही करता करता म्हणायचे, "हाय एक जण." पोस्टमनने ते खरं मानलं होतं.

मशीनही जपानीच. ते शंभर व्होल्टवर चालतं, आणि आपल्या घरात दोनशे तीस. सरळ लावलं तर जळून जाईल. म्हणून भाऊंनी स्वतः तांब्याची तार गुंडाळून ट्रान्सफॉर्मर बनवला होता. विटेएवढा, राखाडी रंगाचा, अंगावर लाल अक्षरांत 'धोका' लिहिलेला. तो मधमाशीसारखा गुणगुणायचा. त्यांना गेमपेक्षा त्या ट्रान्सफॉर्मरचंच कौतुक जास्त आहे, असं मी त्यांना चिडवायचो. ते नाही म्हणायचे नाहीत.

काही कॅसेटींच्या पाठीवर मार्करने जपानी अक्षरं लिहिलेली असत. तिथल्या कुठल्या तरी पोराने आपलं नाव घातलेलं. मी एकदा म्हटलं, स्पिरिटने निघेल की. भाऊ गंभीर झाले.

"कायले काढायचं? त्याचं खेळणं हाय ते. आपण फक्त सांभाळून राह्यलो."

आत त्या पोराने अर्धवट सोडलेला खेळ साठवलेला असे, तोही ते पुसत नसत. रिकामी जागा असली तर तिथे खेळायचे, नसली तर नुसतं बघून ठेवून द्यायचे. एवढी सोवळी वागणूक मी देवघरातही पाहिली नाही.

वहिनींना या सगळ्याचा कंटाळा होता. अपवाद एका कॅसेटचा. तो शेतीचा खेळ होता. एक छोटं घर, एक गाय, कुंपण आणि समोर पडीक वावर. ते नांगरायचं, पेरायचं, पाणी द्यायचं; घरात जाऊन झोपलं की दिवस संपतो आणि खेळ साठवला जातो. वहिनी फुलसावंगीकडच्या शेतकरी घरातल्या. टीव्हीवर वावर दिसल्यावर त्या पोळ्या लाटायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इकडे द्या तो रिमोट."

आणि मग त्यांनी जी चूक केली ती जपानात कोणी केली नसेल. खेळ सुरू होतो वसंतात, पहिल्या दिवसापासून पेरायचं असतं. वहिनींनी वावर नांगरून ठेवलं आणि पेरलंच नाही. दिवसामागून दिवस नुसते झोपून काढले. भाऊंनी समजावलं, की इथे झारीने पाणी देता येतं, बी टाक.

"उन्हाळ्यात कोणी पेरते का?" वहिनी म्हणाल्या. "पाऊस झाल्याबिगर मी बी टाकत नाही."

खेळातही अधूनमधून पाऊस पडतो. तो पडेपर्यंत त्या थांबल्या आणि मग पेरणी केली. पुढेही तसंच. पावसाशिवाय बी नाही. अशाने त्यांचं शेत वाढायला दुप्पट वेळ लागला, पण वाढलं. गाईचं नाव द्यायची वेळ आली तेव्हा पडद्यावर सगळी जपानी अक्षरं आली. वहिनींनी त्यातली दिसायला आवडली ती चार निवडली. एक खराट्यासारखं, एक विळ्यासारखं. काय नाव झालं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. भाऊ गाईला 'वहिनीची गाय' असंच म्हणायचे, स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणतोय हे लक्षात न येता, कारण आम्ही सगळे तसं म्हणायचो.

वहिनी आजारी पडल्या आणि चार महिन्यांत गेल्या.

त्यानंतर भाऊ रोज ड्युटीवरून घरी आले की ती कॅसेट लावायचे. शेतात फिरायचे, गाईजवळ जायचे, कुंपणाच्या कडेने एक चक्कर मारायचे आणि घरात न झोपता मशीन बंद करायचे. झोपलं नाही तर खेळ साठवला जात नाही, म्हणजे दिवस पुढे सरकत नाही. वहिनींनी ज्या सकाळी खेळ सोडला होता तीच सकाळ त्यांनी सहा वर्षं ठेवली. एकदा मी शेजारी बसून हे पाहिलं.

आता एक अडचण सांगायला हवी. असा खेळ कॅसेटच्या आत एका चपट्या बॅटरीवर जिवंत राहतो. बॅटरी संपली की साठवलेलं सगळं गेलं. उपकेंद्रात आम्ही मोठ्या बॅटऱ्यांचे व्होल्ट रोज लॉगशीटवर लिहितो. भाऊंनी घरी या एका बॅटरीची लॉगशीट ठेवली होती. कॅसेटचे स्क्रू साध्या पेचकसाने उघडत नाहीत, म्हणून बॉलपेनची नळी तापवून, स्क्रूवर दाबून त्यांनी आपलं हत्यार बनवलं होतं. दर सोमवारी कॅसेट उघडायची, मीटर लावायचा, आकडा लिहायचा. आकडा तीनच्या खाली आला, मग आणखी खाली. एक दिवस ते मला म्हणाले, "आता नाही टिकत, बापू. बदलावी लागते."

बदलायची रीत अशी, की कॅसेट उघडी मशीनमध्ये लावून मशीन चालू ठेवायचं. तेवढ्या वेळात मशीनची वीज आतला खेळ धरून ठेवते. त्यात जुनी बॅटरी काढून नवी सोल्डर करून बसवायची. वीज गेली की संपलं. मी म्हटलं, इन्व्हर्टरवर करा.

"त्याची वीज खडबडीत हाय. माह्या ट्रान्सफॉर्मरले सोसत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "आपला फीडर हाय ना. तीस वर्षं सांभाळला त्याले. दहा मिनिटं तो मले सांभाळीन."

रविवार ठरवला. त्या दिवशी कुठलंही काम नव्हतं, लोडशेडिंग नव्हतं, आणि उपकेंद्रात ड्युटी माझी. दहा वाजता त्यांचा फोन आला, "सुरू करून राह्यलो." मी पॅनेलसमोर खुर्ची ओढून बसलो, जसं काही माझ्या बसण्याने वीज टिकणार होती.

दहा वाजून सहा मिनिटांनी लाइनमनचा फोन आला. भाऊंच्याच फीडरवर, शाळेमागच्या गल्लीत, तार तुटून खाली पडली होती. कोरड्या मातीवर पडलेली तार कधी कधी आपोआप बंद होत नाही, तशीच जिवंत राहते. तो ओरडत होता, "लवकर बंद करा, माणसं येऊन राह्यली इकडून."

इथे माझ्याकडून जे झालं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बटण माझ्यापासून हातभर लांब होतं. मी ते दाबायच्या आधी भाऊंना फोन लावला.

"भाऊ, झालं का?"

"जुनी काढली. काहून?"

"शाळेमागं तार पडली. तुमच्याच फीडरची. जिवंत हाय."

पलीकडे ट्रान्सफॉर्मरची गुणगुण मला ऐकू येत होती.

"मग मले कायले फोन केला?" भाऊ म्हणाले. "टाक बंद."

मी बंद केलं. फोनमधली गुणगुणही थांबली.

गल्लीत कोणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ नेहमीसारखे इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि त्यांनी आधी माझी लॉगशीट मागितली. लाइनमनचा फोन किती वाजता, फीडर बंद किती वाजता, दोन्ही वेळा मी खऱ्या लिहिल्या होत्या. त्यांनी दोन्हींवर बोट ठेवलं.

"हा एक मिनिट तू माह्यासाठी खर्च केला," ते म्हणाले. "पुन्हा नको करू. तिथं कोणाची तरी वहिनी असती."

मी विचारलं, "शेत?"

"गेलं." मग माझं तोंड पाहून म्हणाले, "तू काहून रडून राह्यला? चाय मांड."

मी चहा मांडला. त्यांच्यापेक्षा मीच जास्त रडलो, हे कबूल करतो. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मला वाटलं होतं ती कॅसेट आता कपाटात जाईल. दोनेक आठवड्यांनी घरी गेलो तर भाऊ तोच खेळ लावून बसलेले. नवी बॅटरी, कोरं शेत, पडीक वावर. कुंपणाचा एकेक खुंट ते पूर्वीच्याच जागी ठोकत होते. सहा वर्षं रोज चक्कर मारलेली, त्यांना नकाशाची काय गरज. गाईचं नाव ठेवताना तीच चार अक्षरं निवडली, खराटा आणि विळ्यासकट. आणि वावर नांगरून ते थांबले होते.

"पेरत काहून नाही?" मी मुद्दामच विचारलं.

"पाऊस कुठं हाय?" भाऊ म्हणाले. खेळातल्या घरात शिरले, झोपले, आणि दिवस पुढे सरकला. सहा वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना त्या खेळात झोपताना पाहिलं.

निवृत्त झाल्यावर ते मुलीकडे नागपूरला गेले. मशीन, कॅसेटी आणि तो गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर, सगळं घेऊन गेले. फोनवर बोलणं व्हायचं. मी फीडरची खबर द्यायचो, ते शेताची. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी झोपेतच गेले. मुलगी आली ती एक खोकं घेऊन. "पप्पांनी तुमचं नाव टाकून ठेवलंय," ती म्हणाली. आत मशीन, ट्रान्सफॉर्मर आणि एकच कॅसेट. बाकीच्या तिने ठेवल्या. कॅसेटीभोवती लॉगशीट गुंडाळलेली होती. शेवटचा आकडा तीन व्होल्टच्या थोडा वर, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात: "बापू, फुंकू नको."

मी कापूस घेतला, स्पिरिट घेतलं, दात पुसले आणि कॅसेट लावली. गाय जागेवर होती. कुंपण सगळं पुरं झालेलं. वावर नव्या हंगामासाठी नांगरून तयार, बी झोळीत, आणि एकही दाणा टाकलेला नाही.

पहिले काही दिवस मी नुसती चक्कर मारून मशीन बंद केलं. मग त्यांचं ते घरात शिरणं आठवलं. आता ड्युटीवरून आलो की कुंपणाच्या कडेने फिरतो, गाईला चारा घालतो, आत जाऊन झोपतो आणि सकाळ झाली की आधी आभाळ बघतो. पाऊस अजून आलेला नाही.