अण्णांच्या हातची गाडी

बूटअण्णांचं सगळं आयुष्य बुटांच्या दुकानात गेलं. गिऱ्हाइकाच्या पायाकडे नुसतं बघून माप सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. घरकामात मात्र माणूस अगदीच कुचकामी. खिळा ठोकायला गेले की आधी भिंतीचा पोपडा पडायचा, मग अंगठा काळानिळा व्हायचा. साधा बल्ब बदलायचा असला तरी बायको म्हणायची, "राहू द्या हो, मी बघते."

एका गाडीनं तेवढी त्यांची लाज राखली होती. गाडी जुनी आणि हट्टी. चावी नुसती फिरवली तर ढिम्म हलायची नाही. अण्णांनी तिची नस ओळखली होती. चावी केसभर बाहेर ओढायची, अंगठ्यानं डावीकडे दाबायची, दुसऱ्या हातानं स्टिअरिंगखाली एक थाप द्यायची आणि मग फिरवायची. गाडी सुरू! बायकोला कुठे जायचं असलं की ती खालून हाक मारायची, "अहो, जरा गाडी चालू करता का?" मग अण्णा मोठ्या डॉक्टरच्या थाटात जिना उतरायचे.

त्यांचा साडू, म्हणजे मेहुणीचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच, हसरा, ज्याला हात लावील ते चालू करणारा. अण्णांच्या डोळ्यांत तो कुसळासारखा सलायचा. त्यानं न सांगता कपाटाचं दार नीट बसवून दिलं होतं. तेव्हापासून बायको काही काम नसताना ते दार उघडायची आणि म्हणायची, "बघा, आवाजसुद्धा नाही!" अण्णांनी त्या कपाटात सदरे ठेवणंच सोडलं होतं.

मग एकदा गाडी भर चौकात बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता गिल्ला. थापा मारून अण्णांचा तळवा लाल झाला, तेव्हा कुठे ती सुरू झाली. ही बातमी बायकोनं बहिणीला सांगितली आणि रविवारी साडू पिशवी घेऊन हजर.

त्यानं चावी फिरवून बघितली आणि हसला. "अण्णा, ही करामत नाही, बिघाड आहे. कुलपामागचा इग्निशन स्विच झिजलाय. नवा आणलाय मी. बसवला की कुणीही चालू करील."

कुणीही! बुटातून वर आलेल्या खिळ्यासारखा तो शब्द टोचला.

"मग बदलून टाका हो, भाऊजी," बायको म्हणाली. तिनं अण्णांकडे बघितलंसुद्धा नाही.

साडूनं आधी बॅटरीची तार काढली. स्टिअरिंगखालचं झाकण सोडवलं आणि उताणा होऊन आत घुसला. अण्णांच्या हातात टॉर्च आला.

"थोडा वर. अजून. अण्णा, माझ्या नाकात काय शोधताय? स्विचवर धरा!"

बायको खुदकन हसली. अण्णांनी टॉर्च स्विचवर धरला आणि मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली. एखादा स्क्रू हरवू दे. निदान बोटाला ओरखडा तरी येऊ दे. आणि खरंच, एक स्क्रू घरंगळत सीटखाली गेला. अण्णांचा चेहरा उजळला. तेवढ्यात बायकोनं वाकून तो काढलासुद्धा.

"ताई, तुमच्यासारखी मदतनीस हवी कामावर!"

"घ्या की मग! इथं तरी कोण कदर करतंय?"

अण्णांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याशी ती अशी शेवटची कधी बोलली होती, ते त्यांना आठवेना.

स्विच बसला, झाकण लागलं, तार जोडली. "ताई, पहिला मान तुमचा," साडू म्हणाला.

बायको सीटवर बसली. तिनं चावी केसभर बाहेर ओढली, अंगठ्यानं डावीकडे दाबली आणि दुसऱ्या हातानं स्टिअरिंगखाली एक थाप दिली. थाप बरोबर त्याच जागी. चावी अडली.

"अहो ताई, ही कसली कसरत? सरळ फिरवा!"

ती कानापर्यंत लाल झाली. चावी सरळ फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. साडू हात धुवायला नळाकडे गेला.

अण्णा खिडकीशी आले. "तुला येत होतं?"

"इतकी वर्षं शेजारी बसून काय डोळे मिटून घेत होते?"

"मग मला कशाला हाका मारायचीस?"

तिनं उगाचच आरसा सारखा केला. "जिना उतरताना तुम्ही शीळ घालायचात," ती म्हणाली. "घरात एरवी कुठे घालता?"

आपण शीळ घालतो हे अण्णांना ठाऊकच नव्हतं. साडूचा राग क्षणभर कुठल्या कुठे गेला. आता त्यांना हेवा वाटला तो जिन्यावरून शीळ घालत उतरणाऱ्या त्या माणसाचा. तिनं त्याला इतकं जपलं होतं, आणि त्या शहाण्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"अण्णा," नळावरून साडू ओरडला, "भर दिवसा कुणाला शोधताय? टॉर्च बंद करा की!"