पलंगाखालची बॅटरी

माझ्या बायकोला लॉजची किळस येते. लग्नानंतर पहिल्यांदा तिला बाहेरगावी नेलं, तेव्हा तिने लॉजमधली उशी उलटी केली. खालच्या बाजूला तेलाचा पिवळा डाग होता आणि त्याला कुणाचे तरी दोन लांब केस चिकटलेले होते. ती पुन्हा त्या पलंगावर बसली नाही. आम्ही होतो तोवर स्वतःच्या बॅगेवर बसून राहिली.

मला मात्र त्या घाणीची सवय होती. मी बियाण्याच्या कंपनीत होतो. बीजोत्पादनाचे प्लॉट तपासत गावोगाव फिरायचं आणि मिळेल त्या लॉजमध्ये राहायचं. मोरीत दुसऱ्याने सोडलेला साबणाचा तुकडा आणि ओला टॉवेल दिसला तरी मला काही वाटेनासं झालं होतं. निवृत्त झालो आणि बायको म्हणाली की आता तरी मला चार ठिकाणं दाखवा, पण लॉजमध्ये नेऊ नका. म्हणून मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून जीपच्या मागे जोडता येईल असं चाकावरचं लहानसं घर करून घेतलं. गल्लीतली माणसं त्याला डबा म्हणू लागली, मग आम्हीही डबाच म्हणू लागलो.

डब्यात पलंग होता, शेगडी होती, पंखा, दिवे आणि एक छोटा फ्रिज. फ्रिज सगळ्यांत महत्त्वाचा, कारण बायकोला इन्सुलिन लागतं. टपावर सोलरचं पॅनल होतं आणि पलंगाखाली घरातल्या इन्व्हर्टरला असतात तशा पाण्याच्या दोन बॅटऱ्या. त्या बॅटऱ्यांनी आमच्या स्वच्छ घराचा सत्यानाश केला. दर पंधरा दिवसांनी बूच उघडून पाणी भरायचं. वायरी जोडतात तिथे हिरवट पांढरी बुरशी चढायची. ऊन चांगलं असलं आणि चार्जिंग जोरात झालं, की सडक्या अंड्याचा वास गादीतून वर यायचा. एकदा अंबडच्या रस्त्यावर खड्ड्यात आदळलो आणि एक बॅटरी कलंडली. अॅसिडने गोधडीची कड खाल्लीच, खालचा प्लायवूडही काळा पडून असा मऊ झाला की बोट दाबलं तर आत जायचं. बायको म्हणाली की लॉजची घाण निदान दुसऱ्याची होती.

अशा वेळी माझे साडू मदतीला आले. बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. कुंभार पिंपळगावात त्यांचं सोलरचं दुकान आहे. गोड माणूस. कधी रिकाम्या हाताने आले नाहीत, हुरड्याच्या दिवसांत हुरडा, नाहीतर बोरं. त्यांनी लिथियमचं सुचवलं. पाणी घालायचं नाही, वास नाही, वजन निम्म्याहून कमी आणि वर्षानुवर्षं बघायची गरज नाही. "दाजी, पलंगाखाली ठेवा अन् विसरून जा," असं म्हणाले. लिथियमबद्दल त्यांनी सांगितलं त्यात फारसं खोटं नव्हतं. खोटं होतं ते त्यांनी आणलेल्या खोक्यात.

ते स्वतः येऊन तासाभरात बसवून गेले. निळं चकचकीत पत्र्याचं खोकं, वर मोठ्या अक्षरांचं लेबल. मी खोक्यावरून हात फिरवला तेव्हा लेबलाच्या कडेखाली दुसऱ्या लेबलाची कड लागली. अंगठा तिथे थांबला. उभी नोकरी मी हेच पाहत आलो होतो. लेबलावर लेबल दिसलं की बियाण्याची पिशवी बाजूला काढायची, आत काय आहे ते नंतर बघायचं. पण समोर साडू चहा पीत बसले होते आणि बायको आनंदाने गादी परत अंथरत होती. मी अंगठा काढून घेतला आणि काही बोललो नाही. त्या गप्प बसण्याची मला आजही शिसारी येते.

पहिले काही महिने बरे गेले. होळीनंतर पंखा मध्येच बंद पडायला लागला. साडूंना फोन केला तर म्हणाले, ऊन कमी पडलं असेल. पुन्हा केला तर म्हणाले, ऊन जास्त झालं असेल.

मे महिन्यात आम्ही शहागडला गेलो. गोदावरीच्या काठाजवळ ओळखीच्या एका शेतकऱ्याचं शेत आहे, तिथे कडुलिंबाच्या अर्ध्या सावलीत, टपावरच्या पॅनलला ऊन लागेल असा डबा लावला. सकाळी नदीवर गेलो आणि दुपारी परत आलो, तर फ्रिज बंद होता. दार उघडल्याबरोबर आंबलेल्या मेथीच्या भाजीचा भपकारा आला. दुधाची पिशवी फुगून टम्म झाली होती. इन्सुलिनची बाटली बायकोने मुठीत धरली आणि माझ्या हातात दिली. हाताला ती चहाच्या कपासारखी लागली. ती फेकून द्यावी लागली.

त्या आंबट वासात आणखी एक वास होता. गोडसर, नेलपॉलिशसारखा, त्यात थोडं जळकं मिसळलेलं. मी पलंगाची फळी उचलली. निळ्या खोक्याचं झाकण एका बाजूने वर आलं होतं. वायरी सोडवल्या, जुन्या टॉवेलात धरून खोकं बाहेर नेलं आणि डब्यापासून लांब मातीत ठेवलं. हात मातीने घासून धुतले तरी वास बोटांना राहिलाच. ज्याच्यावर आम्ही दोघं इतके महिने झोपलो होतो ते हे, असं सारखं मनात येत होतं. गावातल्या मेडिकलमधून नवी बाटली घेतली, थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात ठेवली आणि खोकं थंड झाल्यावर जीपच्या टपाला बांधून जालन्याला घरी परतलो.

जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांमागच्या एका गल्लीत एक वयस्कर मिस्त्री बसतात. आधी रेडिओ आणि स्टॅबिलायझर दुरुस्त करायचे, आता बॅटऱ्या करतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी खोकं दुकानात येऊ दिलं नाही. बाहेर मोकळ्या जागेत दगडावर ठेवायला लावलं, हातमोजे घातले, तोंडाला रुमाल बांधला आणि चार स्क्रू काढले.

आत चार सेल होते, चारी वेगवेगळ्या निळ्या रंगाचे. त्यांच्यावरचे कारखान्याचे नंबर खरवडून काढलेले. ते हलू नयेत म्हणून मधल्या फटींत जुन्या चपलेच्या तळाचे तुकडे आणि बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कोंबला होता आणि वरून तपकिरी टेप गुंडाळली होती. एक सेल मेलेल्या बेडकाच्या पोटासारखा फुगला होता आणि त्यातून चिकट पाणी झिरपलं होतं. वायरीच्या भोकाला रबर नव्हतं, तिथून झुरळं आत गेली होती आणि त्या पाण्यात चिकटून मेली होती. चाचांनी रुमाल खाली केला आणि गटाराकडे तोंड करून थुंकले.

"साहेब, हे बॅटरीवरच्या रिक्षातून काढून फेकलेले सेल हैत," ते म्हणाले. "मेलेल्याच्या अंगावरचा कुर्ता धुवायचा अन् नवा म्हणून विकायचा, तसं काम है हे."

मग त्यांनी मला बाकीचंही दाखवलं. सोलरचा चार्जर जुन्या पाण्याच्या बॅटरीच्या सेटिंगवरच सोडलेला होता. तो मधून मधून जास्त दाबाने चार्ज करायचा, जे लिथियमला चालत नाही. त्यात पलंगाखाली वारा नाही आणि मे महिन्यात पत्र्याचा डबा तापलेला. सेल चांगले असते तरी अशा ठिकाणी आजारी पडले असते, हे तर आधीच मेलेले होते.

नवी बॅटरी चाचांनीच केली. चार कोरे सेल आणले, माझ्यासमोर एकेक मोजून घेतला, सगळे एका पातळीला चार्ज केले आणि मग दोन पट्ट्यांच्या मध्ये आवळून बसवले. प्रत्येक वायरीला रबर लावलं. बॅटरी पलंगाखालून काढून पुढच्या बाजूला हवा लागेल अशी ठेवली, चार्जरचं सेटिंग बदललं. खोक्याचं झाकण त्यांनी पत्र्याचं न करता आरपार दिसेल अशा जाड प्लास्टिकचं केलं. मी कारण विचारलं तर म्हणाले की ज्यात लपवायचं काही नाही, ते झाकायचं कशाला.

जुनं खोकं मात्र ते ठेवून घेईनात. मी साडूंना फोन केला. त्यांनी वाद घातला नाही, दुसऱ्याच दिवशी आले, दोनदा अरेरे म्हणाले, कंपनीकडे पाठवतो म्हणाले आणि खोकं घेऊन गेले. ती घाण दाराबाहेर गेली याचाच मला आनंद झाला. बायको तेव्हा साखर तपासायला डॉक्टरकडे गेली होती. ती परत आल्यावर मी सांगितलं. ती पायातली चप्पल न काढता तशीच उभी राहिली.

"नेली म्हंजे?" तिने विचारलं. "आता ती कुणाच्या पलंगाखाली जाईल?"

उत्तर मला माहीत होतं. आठवडाभर मी टाळाटाळ केली. शेवटी एका सकाळी तीच तयार होऊन जीपमध्ये बसली, मग मला निघावं लागलं.

कुंभार पिंपळगावात त्या दिवशी बाजार होता. दुकानात गर्दी होती, साडूंनी आम्हाला पाहून चहा सांगितला. गर्दी कमी झाल्यावर मी खोक्याचं विचारलं. त्यांनी लपवलंसुद्धा नाही. फुगलेला सेल काढून दुसरा टाकला होता आणि शहागडला हायवेवरच्या एका मोसंबी ज्यूसवाल्याला बॅटरी दिली होती. त्याचं काम लहान आहे, मिक्सर आणि दोन दिवे, तेवढं चालतं, असं ते म्हणाले. मी म्हणालो की तिच्यातून विषारी पाणी गळत होतं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "दाजी, माणसं स्वस्त मागतेत, मी स्वस्त देऊन राह्यलो. अन् लेबल तुम्ही बी पाह्यलं व्हतं. अंगठा फिरवला की तुम्ही त्याच्यावरून. तवा बोलले का?"

त्यांनी ते पाहिलं होतं. माझं ओळखणं आणि माझं गप्प बसणं, दोन्ही त्यांनी चहा पिता पिता पाहिलं होतं आणि त्यावरच त्यांचा माझ्याबद्दलचा अंदाज पक्का झाला होता. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला हे नवीन होतं. तिने हातातला चहाचा कप न पिता काउंटरवर ठेवला आणि बाहेर गेली.

मी तिच्या मागोमाग निघालो आणि जीप शहागडकडे वळवली. ज्यूसचा गाडा सापडायला वेळ लागला नाही. नवरा बायको दोघं मिळून चालवत होते. काउंटरखाली सालींचा ढीग होता, त्यावर माश्या, आणि ढिगाला लागून एका लाकडी पेटीत ते निळं खोकं. पेटीवर पोतं टाकून ज्यूसवाल्याची बायको मोसंबी सोलत बसली होती. मी त्याला सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. बॅटरी चालू आहे, मिक्सर फिरतोय, मग बिघाड कुठे आहे, असं त्याचं म्हणणं. शेवटी म्हणाला की तुमच्या साडूसाडूंचं काही भांडण असेल तर ते घरी मिटवा, माझ्या धंद्यात आणू नका.

मी त्याला फक्त चार स्क्रू काढू दे म्हणालो. वायरी सोडून खोकं रस्त्याकडेला उघड्यावर नेलं आणि झाकण उचललं. चपलेचे तुकडे तेच, झुरळं तीच, कुणी पुसायचीही तसदी घेतली नव्हती. आणि आता दुसरा एक सेल फुगायला लागला होता. तो गोडसर वास आला तसा ज्यूसवाला दोन पावलं मागे सरला. त्याच्या बायकोने पदर नाकाला लावला.

"ह्याच्यावरच मी रोज बसून राह्यले व्हते," ती हळूच म्हणाली.

मी समोरच्या दुकानातून पाण्याची साधी नवी बॅटरी आणली, पेटी गाड्यापासून लांब सावलीत ठेवून वायर ओढून दिली आणि पाणी कधी घालायचं ते दोघांना समजावलं. बुरशी येईल, वास येईल, पण तिचं दुखणं बाहेर दिसतं. ज्यूसवाल्याने मोसंबी पिळून दोन ग्लास पुढे केले. ग्लास बादलीत नुसते बुडवून काढलेले होते आणि बादलीतलं पाणी पांढुरकं झालं होतं. मला ते नको होतं. बायकोने, जिने आयुष्यात लॉजची उशी सहन केली नाही, तिने त्याला साखर न घातल्याबद्दल बरं केलं म्हटलं आणि अर्धा ग्लास उभ्यानेच पिऊन टाकला. मग मीही प्यायलो.

ते सेल मी घरी आणले. चाचांनी सांगितल्याप्रमाणे त्यांची वायरी जोडायची तोंडं टेपने बंद केली आणि कोरड्या वाळूच्या पिंपात पुरून अंगणाच्या कोपऱ्यात ठेवले. पुढे चाचांच्याच ओळखीने जुन्या बॅटऱ्या रीतसर गोळा करणारी एक गाडी आली, तेव्हा ते गेले. तोवर येता-जाता त्या पिंपाकडे पाहिलं की तोंडाला पाणी सुटायचं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं.

आता दर महिन्याला मी बॅटरीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसतो, नट सैल झाले आहेत का ते बघतो आणि एकही सेल फुगलेला नाही ना याची खात्री करतो. प्रवास नसला की बॅटरी पूर्ण भरून ठेवत नाही, अर्ध्यावर ठेवतो. उन्हाळ्यात बॅटरीची बाजू सावलीत येईल असाच डबा लावतो. विसरून जायची बॅटरी असते यावर माझा विश्वास राहिलेला नाही.

मध्यंतरी नात्यातलं एक लग्न झालं. पंगतीत साडू शेजारी येऊन बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वाढणाऱ्याला म्हणाले की दाजींना अजून एक जिलबी वाढा. त्या हाताखाली माझ्या अंगावर काटा आला. मी पान तसंच सोडून उठलो आणि समोरच्या ओळीत जाऊन बसलो. चारचौघांनी पाहिलं. बायकोच्या बहिणीचा तेव्हापासून फोन येत नाही. बोरांचे दिवस आले की बायको फोनकडे बघते, आणि तेवढ्याचं मात्र मला वाईट वाटतं.