वरून पडलेला चमचा

"ए दुल्हन, आज क्या आया?"

खालून घरमालकीणबाईंची ही हाक आली की मी हातातलं टाकून गॅलरीत धावायची. म्हणजे पोरानं परत काहीतरी खाली टाकलं. आमची गॅलरी वर, त्यांचं अंगण खाली, आणि जाळीच्या खालच्या फटीतून हा दीड वर्षाचा चमचे, वाट्या, डब्याची झाकणं, सगळं सोडायचा. त्या बरोबर तिथंच खुर्ची टाकून बसलेल्या!

इकडं उत्तरेत, निशातगंज मोहल्ल्यात लहान पोर म्हटल्यावर कुणी खोली देत नव्हतं, ह्या बाईंनी दिली. आमचे हे चौकात चांदी गाळायच्या दुकानात, सकाळी गेले की रात्रीच. जाताना रोज म्हणायचे, "म्हातारीला लागलं तर खोली जाईल बघ." आमचं गाव सांगलीकडं, इथं कुणी नाही, पोराला घेऊन मी जाणार कुठं?

आणि एक दिवस वाटी त्यांच्या खांद्यावरच पडली. मी पोराला कडेवर घेऊन धावत खाली गेले, रडतच म्हटलं, "माफ करो आंटी, अभी मारती हूँ इसको." हात उगारला पण. त्यांनी मनगटच धरलं.

"अरे रुको तो! पहले देखें, फेंकता क्यों है."

आता ही कसली बाई, तुम्हीच सांगा. खांदा चोळत मला म्हणाल्या, वर जा, त्याला रुमाल दे. दिला. त्यानं टाकला. त्या खाली गप्प. हा फटीतून बघतोय, बघतोय, मग ओठ काढले बाहेर.

"अब चमचा!"

चमचा खणकन् पडला, त्या ओरडल्या, "आज क्या आया?" आणि हा पाय आपटून आपटून हसला.

"फेंकता नहीं है, दुल्हन. बुलाता है हमको. दिन भर और कौन बोलता है इससे?"

मी म्हटलं, मैं हूँ ना.

"अच्छा. और तुमसे?"

जाळी धरून उभी राहिले नुसती.

मग त्यांनी खुर्ची भिंतीकडं सरकवली, आणि चमचा पडला की मला पण विचारायच्या, क्या पकाया, खाया कि नहीं, रोई क्यों हो. रडलेलं त्यांना खालून कसं दिसायचं कुणास ठाऊक.

दिवाळीनंतर त्यांचे गुडघे पार गेले. मुलगा येऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या त्याच्या घरी घेऊन गेला. खोली आमच्याकडंच राहिली.

काल चमचा पडला. पोर आणि मी, दोघं हाक ऐकायला उभे. मग मीच खाली गेले आणि त्यांच्यासारखं ओरडले, "आज क्या आया?"

पोर हसलं नाही. फटीतून माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्या दाराच्या कुलपाकडं, आणि दुसरा चमचा जरा जोरात टाकला.